बिनभात्याची पेटी: मायक्रोकॉर्ग दोन वर्षं वाजवल्यावर

"ह्यात भाता कुठं हाय गा?"

दोन वर्षांपूर्वी एकादशीच्या भजनाला मी मायक्रोकॉर्ग, म्हणजे विजेवर आवाज घडवणारा छोटा कीबोर्ड (सिंथसायझर), पहिल्यांदा नेला, तेव्हा तात्यांनी विचारलेला हा प्रश्न. तात्या आमच्या मंडळाचे म्होरके. येळ्ळूरला शेती, गळा काळी दोनचा, आणि पेटीवाला जरा चुकला तर गाणं न थांबवता नुसत्या भुवईनं हाणणारे. मी म्हटलं, "तात्या, ह्याला भाता नसतोय. करंटवर चालतंय." ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग दम कोण घेतंय?"

मंडळी हसली, मीही हसलो. पण मायक्रोकॉर्गबद्दल मला जे काही सांगायचं आहे ते शेवटी याच प्रश्नाशी येऊन अडतं.

आधी माझी ओळख, म्हणजे कुणाचं ऐकताय ते कळेल. मी स्टुडिओवाला नाही. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं लेथवर उभा आहे. संध्याकाळी अनगोळला घरी आलो की हातावरचं कूलंट धुऊन पेटीवर बसायचं, ही सवय. पेटी शिकलो शहापुरात, एका मास्तरांकडे, मागाच्या खडखडाटात. मधली सहा-सात वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवला: लग्नं, वाढदिवस, गणपती. तो कीबोर्ड एकसष्ट पट्ट्यांचा, ताल-ठेका तयार असलेला, बटण दाबलं की बासरी, बटण दाबलं की सतार. त्या सतारीला मी कधी हात लावू शकलो नाही. ती जशी कंपनीतून आली तशीच वाजायची, निपाणीत काय आणि खानापुरात काय.

बेळगावात पेटीला मान आहे. पं. रामभाऊ विजापुरे इथं राहिले, इथं शिष्य घडवले, त्यामुळे "नुसती साथ करणारं वाद्य" असं आमच्याकडं कुणी पटकन म्हणत नाही. पण याच पेटीला आकाशवाणीनं १९४० साली दार बंद केलं होतं आणि ते उघडायला १९७१ उजाडलं. तक्रार काय, तर हिच्यात मींड नाही, दोन स्वरांच्या मधली जागा नाही. तक्रार खोटी नव्हती. तरीही चांगला पेटीवाला ऐकला की वाटतं, स्वर वाकतोय. तो वाकत नसतो, फुगतो आणि ओसरतो. ते सगळं डाव्या हातात असतं. उजवा हात फक्त कुठला स्वर ते सांगतो, तो स्वर कसा जन्मतो आणि कसा विझतो ते भात्यावरचा हात ठरवतो. हे मला माहीत होतं, पण कधी शब्दांत आलं नव्हतं. ते आलं या सदतीस पट्ट्यांच्या खेळण्यामुळे.

खेळणं म्हणतोय ते दिसायला. मायक्रोकॉर्ग कॉर्ग कंपनीनं २००२ साली बाजारात आणला आणि इतक्या वर्षांनंतरही माणसं तो शोधतात. वजन सव्वादोन किलोच्या आत. बाजूला लाकडाच्या पट्ट्या, वर जुन्या रेडिओसारखी मोठी गोल डायल. मी घेतला गोव्यात हॉटेलात वाजवणाऱ्या एका मुलाकडून, जुना, १९,००० रुपयांना. चोर्ला घाटातून येताना बसमध्ये चादरीत गुंडाळून मांडीवर. शेजारच्या मावशींनी विचारलं, "बाळ झोपलंय काय?" त्यांना वाटलं लेकरू आहे.

अडॅप्टर त्या मुलानं दिलाच नाही, हरवलाय म्हणाला. पण हे यंत्र सहा पेन्सिल सेलवर चालतं. आमच्या भागात पावसाळ्यात लाईट कधी जाईल आणि कधी येईल ते कपिलेश्वरालाच ठाऊक, त्यामुळे मला हा गुण पहिल्या रात्रीच पटला. चांगले अल्कलाइन सेल घातले तर चार तासांच्या आसपास निघतात. भजनाला पुरतात. रात्रभर जागराला पुरत नाहीत.

आता आवाज. वरच्या मोठ्या डायलवर आठ प्रकार छापलेत: ट्रान्स, टेक्नो-हाउस, इलेक्ट्रॉनिका, ड्रम अँड बास, हिपहॉप-व्हिंटेज, रेट्रो, एसई-हिट, व्होकोडर. दोन बाजू धरून एकूण १२८ आवाज. खडेबाजारात उभं राहून ही आठ नावं वाचून दाखवली तर लोक म्हणतील औषधांची नावं आहेत. मी पहिल्या रात्री १२८ च्या १२८ वाजवून बघितले. भजनाला चालेल असा एकही नाही. नाट्यपदाला चालेल असा एकही नाही. झोपताना मनात हिशेब चालला होता, १९,००० म्हणजे किती ओव्हरटाइम.

दुसऱ्या दिवशी पुस्तिका काढून बसलो. तेव्हा लक्षात आलं की ते १२८ आवाज म्हणजे दुकानाच्या दारात लावलेली साडी. माल आत आहे. आतला माल म्हणजे ऑसिलेटर (मूळ आवाज काढणारे) दोन, फिल्टर (आवाज झाकणारा-उघडणारा) एक, एन्व्हलप (आवाज कसा चढायचा आणि कसा विझायचा ते ठरवणारी) दोन, एलएफओ (आवाजाला संथपणे हलवणारे) दोन, आणि त्यांना एकमेकांना जोडणाऱ्या चार काल्पनिक वायरी. डायल फिरवून पान निवडायचं, मग पाच गोल नॉब त्या पानातल्या पाच गोष्टी बदलतात. पानांची नावं अंगावरच छापलेली, त्यामुळे पडदा तीनच आकड्यांचा असला तरी वाट चुकत नाही. नॉब फिरवता फिरवता मूळ किंमत आली की एक छोटा दिवा लागतो. लेथवर डायल शून्यावर आणणाऱ्या माणसाला तो दिवा बघून फार बरं वाटतं.

एन्व्हलपचं पान उघडलं. चार नॉब: अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज. प्रत्येकाला शून्य ते १२७.

इथं मी, ऑर्केस्ट्रात सहा वर्षं काढलेला माणूस, सपशेल फसलो. सस्टेन म्हटलं की आम्हाला पायातलं पेडल आठवतं, म्हणजे स्वर किती वेळ रेंगाळायचा ते. मी सस्टेन शून्यावर नेला, पट्टी दाबून धरली, आवाज टुण्ण करून गेला. म्हटलं बरोबर. मग पूर्ण १२७ वर नेला आणि पट्टी सोडली, तर आवाज जागीच तुटला. अरे, मग रेंगाळत का नाही? दोन रात्री डोकं खाजवलं. चार नॉबांतले तीन वेळ मोजतात आणि एकच उंची मोजतो, ही गोष्ट पुस्तिकेत एका ओळीत आहे आणि माझ्या डोक्यात शिरायला आठवडा लागला. अटॅक म्हणजे पट्टी दाबल्यापासून आवाज पूर्ण चढायला लागणारा वेळ. डिके म्हणजे त्या शिखरावरून खाली बसायला लागणारा वेळ. कुठं बसायचं, ती पायरी म्हणजे सस्टेन. पट्टी दाबलेली असेपर्यंत आवाज त्या पायरीवर बसून राहतो. आणि पट्टी सोडल्यावर विझायला लागणारा वेळ तो रिलीज. आमच्या पेडलवाल्या रेंगाळण्याचं इथलं नाव रिलीज.

तो आठवडा मी एकच काम केलं. एक पट्टी, एक नॉब. बायको म्हणाली, "काय करूलाय हे? कुकरची शिट्टी तरी बरी." पण त्या एका पट्टीनं बरंच शिकवलं. अटॅक शून्य, डिके चाळीसच्या आसपास, सस्टेन शून्य: स्वर छेडल्यासारखा येतो. तोच आवाज, अटॅक नव्वदला नेला: स्वर लांबून चालत आल्यासारखा, सारंगीच्या गजासारखा. मग त्याच आवाजावर द्रुत तान घेतली तर काहीच ऐकू येईना, नुसतं धुकं. कारण स्वर चढायच्या आतच पट्टी सुटत होती. म्हणजे लय आणि अटॅक यांचं आपसात देणंघेणं आहे. विलंबितात जो आवाज शोभतो तो द्रुतात मरतो. पेटीवर हे आपण विचार न करता करतो, द्रुतात भाता हलका आणि भराभर. इथं यंत्राला आधी सांगून ठेवावं लागतं.

हे चार टप्पे कुठून आले ते वाचलं तेव्हा मजा वाटली. १९६४ साली अमेरिकेत रॉबर्ट मूग आणि संगीतकार हर्बर्ट डॉइच हे दोघं मूगचा पहिला सिंथसायझर जुळवत होते. ऑसिलेटर सुरू केला की तो सुरूच राहणार, थांबणार कधी? त्याला ना तार, ना कातडं, ना श्वास. पहिला प्रयोग झाला तो चक्क दाराच्या बेलच्या बटणावर, असं डॉइच यांनी पुढं सांगितलं आहे. बटण दाबलं की वीज साठवणारा कपॅसिटर भरणार, सोडलं की रिकामा होणार. पुढं व्लादिमिर उस्साचेव्स्की या संगीतकारानं मूगकडं टप्प्याटप्प्याच्या एन्व्हलपची मागणी केली आणि आज जी चार नावं आपण घेतो ती सिंथसायझर बनवणाऱ्या एआरपी कंपनीमुळे रूढ झाली. तात्यांचा प्रश्न तेव्हाही कुणाला तरी पडला होता तर: मग दम कोण घेतंय? उत्तर होतं, बेलचं बटण.

मायक्रोकॉर्गमध्ये अशी दोन एन्व्हलप आहेत. दुसरं आवाजाच्या जोराला जोडलेलं, पहिलं फिल्टरला. फिल्टर कसा समजून घ्यायचा? पेटीचं वरचं झाकण लावून वाजवा, मग उघडून वाजवा. झाकण लावलं की आवाज गोल आणि मऊ, उघडलं की रीडचा करकरीतपणा बाहेर. कटऑफ म्हणजे ते झाकण. आणि फिल्टरचं एन्व्हलप म्हणजे दर स्वरागणिक ते झाकण आपोआप किती उघडायचं, किती वेळात, आणि परत कुठं आणून ठेवायचं ते. रेझोनन्स वाढवला की झाकणाच्या कडेलाच एक शिट्टी बसते, आणि झाकण हललं की तीही सरकते.

दोन एन्व्हलप वेगवेगळी आहेत याचा अर्थ मला तानपुऱ्यावर कळला. तानपुऱ्याची तार छेडली की आवाजाचा जोर लगेच येतो, पण जवारीची ती झळाळी लगेच येत नाही. ती किंचित मागून फुलते. एकच एन्व्हलप असतं तर दोन्ही एकदम आलं असतं. मी आवाजाचा अटॅक शून्य ठेवला, डिके लांब, सस्टेन शून्य, रिलीज लांब. फिल्टरचा अटॅक पंचवीसच्या आसपास, डिके ऐंशीच्या पुढं, रेझोनन्स जरा चढवून. डोळे मिटले. तानपुरा नव्हता, पण तानपुऱ्याचा भाऊ होता. सख्खा नाही, चुलत.

आणि इथं या यंत्राची सगळ्यात मोठी मर्यादा कामाला आली. मायक्रोकॉर्ग एका वेळी चारच स्वर वाजवतो. पाचवी पट्टी दाबली की आधीच्या चारांतला एक तुटतो. ऑर्केस्ट्रावाल्याला हे ऐकूनच ताप येईल. पण तानपुऱ्याला ताराच चार! पंचम, जोडीचे षड्ज, खर्ज. आर्पेजिएटरलाही, म्हणजे दाबलेल्या पट्ट्या आपोआप एकामागून एक वाजवणाऱ्या सोयीलाही, मी हेच काम लावलं. त्यात सहा चाली आहेत. खर्ज, पंचम, षड्ज अशा तीन पट्ट्या अडकवून वर जाणारी चाल लावली की फिरत्या चक्रात पंचम-षड्ज-खर्ज असाच क्रम ऐकू येतो. जोडीतला एक षड्ज कमी पडतो, एवढंच. मंडळातल्या कुणाच्या ते लक्षात आलं नाही. तात्यांच्या आलं. "एक तार तुटलीया काय रे?"

आता मूळ प्रश्नाकडं. तानपुरा झाला, छेडलेला आवाज झाला, सारंगीसारखा लांबून येणारा झाला. पण हे आवाज घेऊन अभंगाला साथ करायला बसलो की अर्ध्या तासात कंटाळा यायचा. चूक कुठं ते सापडेना. सापडली वर्कशॉपमध्ये, मशीनवर. लेथला ऑटो फीड असतो. लिव्हर टाकला की टूल ठरलेल्या गतीनं जॉबवरून सरकतं, शंभर जॉब केले तरी शंभरही तसेच. आणि एक हाताचं चाक असतं, ते फिरवताना बोटाला कळतं की धातू कुठं कडक आहे, कुठं सोडून द्यायचं. एन्व्हलप म्हणजे ऑटो फीड. दर स्वर त्याच वळणानं जन्मतो आणि त्याच वळणानं विझतो, मग तो अभंगाच्या धृपदातला असो की शेवटच्या चरणातला. पेटीचा भाता हे हाताचं चाक आहे. तो ऐकून चालतो.

बरं, चाक या यंत्रालाही आहे. डावीकडं दोन: एक स्वर वाकवायचं, एक मॉड्युलेशनचं. मॉड व्हील जसं येतं तसं फक्त कंप वाढवतं, तो सिनेमातल्या भुतासारखा. तो कंप मी पिचच्या पानात जाऊन शून्य केला. मग त्या चार काल्पनिक वायरींतल्या दोन घेतल्या. एक मॉड व्हीलपासून फिल्टरच्या कटऑफला, दुसरी मॉड व्हीलपासून आवाजाच्या जोराला. वायर किती जोरात ओढायची ते उणे ६३ पासून अधिक ६३ पर्यंत सांगता येतं. मी पहिली तीसच्या आसपास ठेवली, दुसरी त्याहून कमी. मूळ आवाज मुद्दाम बारीक आणि झाकलेला केला. आता चाक पुढं ढकललं की स्वर फुगतो आणि त्याच वेळी उघडतो, मागं घेतलं की मिटतो. डावा हात पुन्हा कामाला लागला. पेटीवाल्याच्या डाव्या हाताला दोन वर्षं बसवून ठेवलं होतं, त्याला एकदम शेत मिळालं.

भाता आणि चाक एकच आहे असं मी म्हणणार नाही. भात्यात हवा साठते, तिचा उलटा दाब हाताला जाणवतो, आणि खर्जाचं रीड बोलायला जरा जास्त वेळ घेतं, तार सप्तकातलं लगेच बोलतं. चाकाला तसला काही विरोध नाही, ते गुळगुळीत फिरतं. पण अभंगात दोन चरणांच्या मध्ये गायक दम घेतो तिथं स्वर मिटवून परत उघडणं जमायला लागलं, आणि ते दर वेळी वेगळं जमायला लागलं. तेवढ्यानं कंटाळा गेला.

स्वर वाकवायच्या चाकाचा पल्ला पूर्ण सप्तकापर्यंत वाढवता येतो. म्हणजे आकाशवाणीनं जिच्यासाठी एकतीस वर्षं पेटीला बाहेर ठेवलं ती मींड इथं अंगठ्याखाली आहे. पण सप्तकाचा पल्ला ठेवला तर अंगठा जरा हलला की पंचमाचा धैवत होतो. मी दोन अर्धस्वरांवर ठेवतो. पोर्टामेंटोही, म्हणजे एका स्वरातून दुसऱ्यात आपोआप घसरणंही आहे, पण ते प्रत्येक दोन स्वरांमध्ये एकाच तऱ्हेचं असतं. म्हणजे पुन्हा ऑटो फीड.

एलएफओबद्दल थोडक्यात. तो स्वतः ऐकू येत नाही, दुसऱ्या कशाला तरी हलवतो: स्वराला, झाकणाला, जोराला. लाटेचे आकार दोघांनाही चार-चार. मला त्यातला एकच प्रयोग खरा कामाचा वाटला. एक वायर फिल्टरच्या एन्व्हलपपासून दुसऱ्या एलएफओच्या गतीला जोडली, म्हणजे कंप स्वराच्या सुरुवातीला संथ असतो आणि मग घाई करतो. सगळ्या स्वरभर एकसारखा हलणारा कंप गळ्याला कधीच नसतो, त्यामुळे या एका वायरीनं आवाजातलं यंत्र थोडं लपतं. बाकी पाऊस-वारा करायला नॉइझ घेऊन त्याच्या झाकणावर एक संथ एलएफओ लावला की आमच्या चोर्ल्यातला श्रावण तयार. गल्लीतल्या मुलांच्या नाटकाला दिला, त्यांना आवडला.

तुतारीची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक ज्यांनी बघितली आहे त्यांना ती रात्र माहीत आहे. आमच्या गल्लीच्या चित्ररथावर महाराजांचा प्रवेश होता आणि पोरांना तुतारी हवी होती. "मोबाईलवरनं लावूया की," म्हणत होती. मी म्हटलं, करून देतो. ऑर्केस्ट्रातल्या तयार ट्रम्पेटचा आवाज मला कायम प्लास्टिकचा वाटायचा, आणि का ते एका वाचनात कळलं होतं. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत झाँ-क्लोद रिसे या संगीतकारानं ट्रम्पेटचा स्वर संगणकानं उलगडून बघितला आणि दाखवलं की वरचे सूर खालच्यांच्या मागून येतात, आणि जोर वाढेल तशी झळाळी वाढते. म्हणजे तोंडानं फुंकायच्या वाद्याचं झाकण फुंकेबरोबर उघडतं. मग काय, करवतीच्या दातांसारख्या लाटेचे दोन ऑसिलेटर, एक किंचित बेसूर. आवाजाचा अटॅक लहान, झाकणाचा त्याहून जरासा मोठा. आणि एक वायर फिल्टरच्या एन्व्हलपपासून स्वराच्या उंचीला, अगदी हलकी, म्हणजे फुंकेला सुरुवातीला किंचित धक्का बसल्यासारखा. त्या रात्री जनरेटरची घरघर, समोरच्या मंडळाचा डीजे, ढोल. त्यातून ती तुतारी निघाली. बोगारवेशीजवळ एका म्हाताऱ्या माणसानं चित्ररथावर मान वर करून तुतारीवाला शोधला.

अर्थात तीच तुतारी मी एकदा घालवलीही. आवाज जुळवून झाल्यावर साठवायचं बटण दाबायचं असतं. मी दाबलं नाही, कुणीतरी जेवायला बोलावलं, सेल संपले. संपलं. दोन तासांचं काम. तेव्हापासून प्रत्येक आवाजाचे आकडे वर्कशॉपच्या जॉब कार्डच्या पाठीमागं पेन्सिलीनं लिहून ठेवतो. मुलाच्या फिजिक्सच्या वहीतही दोन आवाज आहेत.

काय नाही ते सांगतो. आतला स्पीकर नाही, हेडफोन किंवा ॲम्प लागणारच. पायाचं पेडल लावायला जागा नाही, म्हणून रिलीज नीट जुळवायला शिकावंच लागतं. तबला-ढोलकीचे ठेके नाहीत. पट्ट्या छोट्या आहेत. पेटीवर बसलेली बोटंसुद्धा पहिले पंधरा दिवस दोन पट्ट्या एकदम दाबतात, मग बसतात. तीन सप्तकं पेटीवाल्याला सवयीचीच. दोन आवाज एकावर एक रचता येतात, पण मग चाराचे दोनच स्वर उरतात. लग्नाच्या ऑर्केस्ट्रावाल्यानं हे घेऊ नये. त्याला समोरच्यानं फर्माईश केली की तीन सेकंदांत बासरी हवी असते, इथं तीन सेकंदांत फक्त पान सापडतं. वरच्या पाच नॉबना एरवी कटऑफ, रेझोनन्स, अटॅक, रिलीज आणि लय ही कामं दिलेली असतात, कार्यक्रम चालू असताना हात तिथवरच पोचतो. वायरी जोडणं हे घरचं काम.

व्होकोडरवर मी फार बोलणार नाही. माइकमध्ये बोललं की पट्टीच्या स्वरात यंत्रमानव बोलतो. पुतणीनं त्यात पाढे म्हटले, कन्नड शाळेतली तिची मैत्रीण "ओंदु, एरडु, मूरु" म्हणाली, दोघी तासभर हसल्या. मी त्या तासात चहा घेऊन आलो.

घ्यायचा असेल तर जुना घ्या, पण वाजवून घ्या. दोन्ही चाकं शेवटपर्यंत फिरवून बघा, स्वर वाकवायचं चाक मधल्या जागी परत येतं का आणि मॉड व्हील शून्यावर आणल्यावर शांत होतं का. सगळे पाच नॉब फिरवताना आकडे उड्या मारत नाहीत ना ते बघा. सेल घालायचा कप्पा उघडा. आधीच्या मालकानं सेल आतच ठेवून सोडले असतील तर पाणी सुटून स्प्रिंग हिरव्या झालेल्या असतात, माझ्या यंत्रात एक होती, पॉलिश पेपरनं घासली. आणि अडॅप्टर कंपनीचाच मागा. मी बाजारातून "चालतंय की वो" म्हणून मिळालेला एक आणला होता, त्यानं स्पीकरमधून भुंगा सुरू झाला. तो आता घरच्या रेडिओला आहे. ज्याच्या हातात आधीपासून एखादं वाद्य आहे, आणि ज्याला आपण हातानं नेमकं काय करतो याचं कोडं पडलंय, त्याला हे १९,००० महाग नाहीत. पहिलंच वाद्य म्हणून मात्र नको. आधी पेटी शिका.

गेल्या आठवड्यात तात्यांचा फोन आला. पुढची एकादशी त्यांच्या घरी आहे, सुनेनं मांडे करायचं ठरवलंय, येळ्ळूरला सात वाजता या म्हणाले. मी विचारलं, "तात्या, ते करंटवरचं आणू काय?"

"आण की," म्हणाले. "तानपुऱ्याला बरं पडतंय. चाकाचं बी वाजव. पण येताना पेटी पण घेऊन ये."

सहा सेल आजच आणून ठेवलेत. पेटीचा भाता एका कोपऱ्यात फुस्स करतोय, उद्या चामड्याची पट्टी बसवून घेतो.